मागच्याने रचलेली लाकडे

काही परदेशी शब्द पाहुण्यासारखे एकटे येत नाहीत. येताना सगळे बिऱ्हाड बरोबर घेऊन येतात. ‘ह्युगे’ हा डॅनिश शब्द त्यांतलाच. मूळचा तो नॉर्वेचा. तेथून डेन्मार्कमध्ये गेला आणि तिथलाच झाला. २०१६ साली इंग्रजीत त्याचा इतका बोलबाला झाला, की कॉलिन्स शब्दकोशाने त्या वर्षीच्या ठळक शब्दांच्या यादीत त्याला मानाने बसविले. अर्थ विचाराल तर सांगायला सोपा आहे. बाहेर अंधार, बर्फ आणि बोचरा वारा. आत मेणबत्त्यांचा मंद उजेड, पायांत लोकरीचे मोजे, हातात वाफाळलेली कॉफी, भोवती जिवाभावाची चार माणसे आणि घाई मुळीच नाही. अशा वेळी जीवाला जे वाटते त्याचे नाव ह्युगे.

वर्गात विद्यार्थी मला विचारतात, “बाई, याला मराठीत काय म्हणायचं?” मी म्हणते, “ऊब.” त्यांना हा शब्द फार घरगुती वाटतो, काहीतरी भारदस्त, संस्कृत वळणाचे मिळेल अशी त्यांची अपेक्षा असते. पण मला तो पुरेसा वाटतो. आपण गोधडीची ऊब म्हणतो तशीच मायेचीही ऊब म्हणतो. अंगाला आणि मनाला एकच शब्द पुरतो. उत्तरेकडच्या लोकांना नेमके तेच म्हणायचे आहे.

शब्दाबरोबर त्याचे बिऱ्हाडही आपल्याकडे आले आहे. पांढऱ्या भिंती, फिक्या रंगाचे लाकूड, जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी, सोफ्यावर केसाळ पांघरूण. आयकिया या स्वीडिश कंपनीने हैदराबादला २०१८ साली आणि नवी मुंबईला २०२० च्या डिसेंबरात दुकान उघडले, तेव्हापासून तर ही मंडळी पुष्कळ घरांतून दिसू लागली आहेत. माझी त्याबद्दल तक्रार नाही. सुबक आणि साध्या वस्तू कुणाला नको असतात? फक्त ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात एका परिचितांच्या घरी पंखा पाचावर आणि मांडीवर लोकरीची शाल अशा थाटात चहा घेण्याचा प्रसंग आला, तेव्हा मनात आले, की ही खोली मूळची आहे तरी कुणाची? ती पहिल्यांदा कुणी मांडली, आणि का?

या प्रश्नाचे एकच उत्तर असणे शक्य नाही. पण पुष्कळशा वाटा एका घराशी येऊन मिळतात. स्वीडनच्या दालार्ना प्रांतात फालून गावाजवळ सुंदबोर्न नावाचे खेडे आहे. तेथले नदीकाठचे एक लहानसे लाकडी घर १८८८ साली अडोल्फ बेर्योऊ या गृहस्थांनी आपली मुलगी कॅरिन आणि जावई कार्ल लार्सन यांना दिले. कार्ल चित्रकार. स्टॉकहोमच्या दरिद्री वस्तीत त्याचे बालपण गेलेले. बापाचे प्रेम त्याला कधी लाभले नाही आणि हक्काचे म्हणावे असे घरही नाही. अशा माणसाला घर मिळाले, म्हणजे तो त्याचे काय करील? कार्लने त्याची चित्रे काढली. एका उन्हाळ्यात पावसाने इतका मुक्काम ठोकला, की बाहेर बसून काम करणे अशक्य झाले. तेव्हा कॅरिनने सुचविले, की बाहेरचे राहू दे, घरातलेच काढ. त्यातून जलरंगातील चित्रांची एक मालिका तयार झाली आणि १८९९ साली त्यांतल्या चोवीस चित्रांचे पुस्तक निघाले. त्याचे नाव ‘एत हेम’, म्हणजे ‘एक घर’. १९०९ साली जर्मनीत अशाच चित्रांचे स्वस्त पुस्तक निघाले आणि ते इतके खपले, की सुंदबोर्नचे ते दिवाणखाने व शयनगृहे युरोपातील हजारो कुटुंबांच्या ओळखीची झाली.

ही चित्रे मी पुष्कळदा पाहिली आहेत. खिडकीत फुलझाडांच्या कुंड्या, उजेड अडवणारे जड पडदे नाहीत, जुन्या खुर्च्यांना उजळ रंग, टेबलाशी बसून काही करीत असलेले एखादे मूल, आणि जमिनीवर चिंध्यांची विणलेली सतरंजी. त्या काळच्या श्रीमंत घरांतून गडद मखमल आणि काळपट लाकूड यांचे राज्य होते. त्यापुढे हे घर म्हणजे झरोका उघडल्यासारखे आहे. पण या घराचे धनी कोण, हा प्रश्न आला म्हणजे मन जरा थबकते. चित्रे कार्लची खरी. पण चित्रांत दिसते ते बहुतेक कॅरिनचे आहे. ती सतरंजी, ते टेबलावरचे कापड, भरतकामाच्या उशा, पतीच्या निजण्याच्या खोलीच्या दारातला पडदा ही सगळी तिची कल्पना आणि तिची कारागिरी. झुलती खुर्ची आणि कुंड्यांची मांडणी तिने रेखाटली आणि गावच्या सुताराकडून करवून घेतली. मुलांचे कपडेही तिचेच. कामाला सोयीचा म्हणून तिने बेतलेला सैल अंगरखा आजही तिच्या नावाने ओळखला जातो.

कॅरिन स्वतः शिकलेली चित्रकार होती, हे येथे सांगितले पाहिजे. स्टॉकहोमच्या राजकीय कला अकादमीत तिने शिक्षण घेतले होते. फ्रान्समध्ये ग्रे या गावी स्कॅन्डिनेव्हियन चित्रकारांची वसाहत होती, तेथे तिची आणि कार्लची गाठ पडली. १८८३ मध्ये लग्न झाले. पुढे आठ मुले झाली. त्यांतले एक अगदी तान्हेपणी गेले आणि उल्फ हा मुलगा १९०५ साली अठराव्या वर्षी गेला. तिची चित्रे थांबली. बोटे मात्र थांबली नाहीत. ती कापडावर, लाकडावर, सुताच्या रंगांत चालू राहिली. कार्ल १९१९ साली वारला, कॅरिन १९२८ साली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या घराचे मोठे प्रदर्शन भरविले ते १९९७ साली, आणि त्याच्या नावात कार्ल आणि कॅरिन दोघेही होते. तिच्या मृत्यूनंतर एकोणसत्तर वर्षांनी!

दुसरी गोष्ट अशी, की ज्याला आपण उत्तरेकडची आवडनिवड समजतो तिच्यामागे बहुधा कसली तरी चणचण उभी असते. जुन्या कपड्यांच्या पट्ट्या फाडून सतरंजी विणायची ती कापड वाया जाऊ नये म्हणून. आपली गोधडी तरी दुसऱ्या कशातून जन्मली? त्या मुलखातील लाल घरे चित्रात फार गोड दिसतात. तो रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीतून निघणाऱ्या मातीचा. तो स्वस्त होता, लाकूड टिकवीत होता, आणि दुरून श्रीमंतांच्या विटांच्या घराचा भास होत होता. तीच गोष्ट चिनी मातीच्या फरशा लावलेल्या उंच भट्टीची. अठराव्या शतकात स्वीडनला जळाऊ लाकडाची टंचाई भेडसावू लागली, तेव्हा १७६७ साली क्रोनस्टेट आणि व्रेदे या दोघांनी भट्टीची नवी रचना मांडली. तीत धूर सरळ धुराड्यातून वर पळत नाही. आतल्या अरुंद बोळांतून वर-खाली फिरत जातो आणि जाता जाता आपली उष्णता विटांच्या हवाली करतो. लाकडे विझली तरी भट्टी कितीतरी तास खोली गरम ठेवते. फरशांवरची निळी फुले नंतरची. आधी होती ती थंडी आणि लाकडांचा हिशेब.

हा हिशेब मला स्वतःला समजला तो नॉर्वेत. माझी भाची नोकरीनिमित्त ऑस्लोला असते. तीन वर्षांपूर्वी ईस्टरच्या सुटीत मी तिच्याकडे होते. त्या सुटीत नॉर्वेतली शहरे रिकामी होतात आणि लोक डोंगरातल्या ‘हित्ते’वर जातात. हित्ते म्हणजे लाकडी झोपडी. पंचावन्न लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या देशात अशा चार लाखांहून अधिक आहेत. आणखी मौज म्हणजे तेथे शेकोटीशी बसून रहस्यकथा वाचण्याचा जणू कुलाचार आहे. त्याची सुरुवातही गमतीची. १९२३ साली ईस्टरच्या तोंडावर एका वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर ‘बर्गनची गाडी रात्री लुटली’ असा मथळा झळकला. वाचक घाबरले, आणि मग कळले, की ही नव्या कादंबरीची जाहिरात आहे! तेव्हापासून ईस्टर आणि खून यांचे तेथे लग्नच लागले.

आजकाल यांतल्या पुष्कळ झोपड्या नावापुरत्याच झोपड्या उरल्या आहेत. त्यांत गरम पाण्याचे हौद आले, विजेने तापणाऱ्या फरशा आल्या, आणि त्यांच्या वसाहतींपायी डोंगर किती खणायचे यावर तेथे वाद चालू आहेत. पण आम्ही गेलो ती झोपडी त्यांतली नव्हती. नॉर्वेत १८६८ साली स्थापन झालेली पर्यटकांची एक संस्था आहे. तिच्या पाचशेहून अधिक झोपड्या देशभर पसरल्या आहेत. त्यांतल्या कित्येकांत राखणदार नसतो. सभासदाजवळ किल्ली असते. आत कोठीची खोली असते. डबाबंद जिन्नस, कडक पावाच्या चकत्या, कॉफी. हवे ते घ्यायचे, आपणच टिपून ठेवायचे आणि पैसे भरायचे. पाहायला कुणी नाही.

बर्फातून तासभर चालून आम्ही पोचलो तेव्हा माझे हात बधिर झाले होते. दार उघडले, तर आत बाहेरच्यापेक्षा गारठा जास्त. मेणबत्ती नाही, संगीत नाही. मी बूट सोडायला वाकले.

“मावशी, बूट राहू देत अजून,” भाची म्हणाली. “आधी शेगडी.”

लोखंडी शेगडीशेजारी फोडलेली लाकडे नीट रचलेली होती. वर बारीक ढलप्यांची मूठ आणि काड्यांची पेटी. तिने एक काडी ओढली आणि दोन मिनिटांत ज्वाळा धडधडू लागली.

“अगं, पण ही लाकडं कुणी ठेवली इथं?”

“मागच्यांनी.”

“मागचे म्हणजे कोण?”

“मला काय ठाऊक? वहीत नाव असेल.”

वही उघडली. चार दिवसांपूर्वी कुणी दोघे मुक्काम करून गेले होते. त्यांची तोंडे मी पाहिली नाहीत, पुढेही पाहणार नाही. पण त्या रात्री मला जी ऊब मिळाली ती त्यांच्या हातची होती. बर्फ वितळवून पाणी केले, डब्यातले सूप गरम केले. मेणबत्ती लावली ती मग. तोवर आमची दोघींची कष्टाने चांगली दमछाक झाली होती, आणि म्हणूनच की काय, ती मेणबत्ती फार सुंदर वाटली.

दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी भाचीने माझ्या हाती केरसुणी दिली आणि स्वतः कुऱ्हाड घेऊन पडवीत गेली. भांडी धुतली, जमीन झाडली, राख काढली. मी म्हटले, “चल ना, आता आपण निघालोच आहोत.”

“म्हणूनच तर,” ती म्हणाली, आणि लाकडे शेगडीशेजारी रचून वर ढलप्या ठेवू लागली. अगदी आम्हाला मिळाल्या होत्या तशा.

परतीच्या वाटेवर मला कॅरिनची आठवण होत होती. झोपडीत आणि घरात फरक केवढा, तर एवढाच. झोपडीतली लाकडे जो येईल तो फोडतो. पुरुष असो, बाई असो, प्राध्यापक असो की मंत्री असो, जाताना पुढच्यासाठी रचून जातो. घरातली लाकडे मात्र वर्षानुवर्षे एकच माणूस फोडीत असतो, आणि बाकीचे शेकत असतात. कॅरिनला शेकणाऱ्यांविषयी तक्रार होती असे मी म्हणत नाही. तिचे काम पाहिले तर त्यात आनंद दिसतो. पण जिला रंगांची एवढी जाण होती तिच्या हातून पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे आणखी काय काय रंगले असते, हा हिशेब कुणी मांडायचा? घराची चित्रे पाहून आपण म्हणतो, “काय उबदार घर आहे!” ऊब कुणी केली हे विचारायचे राहून जाते.

सुंदबोर्नचे ते घर आज प्रेक्षकांना खुले आहे. लार्सनांचे वंशज त्याची काळजी घेतात. तिथली सतरंजी पाहून कुणी तशीच विकत घेईल, तर घ्यावी. चांगली वस्तू घरात आल्याने बिघडत काही नाही. मात्र तिच्याबरोबर ऊब बांधून मिळत नाही, एवढे लक्षात असावे. ती रोज कुणीतरी करावी लागते आणि ती करणाऱ्याला अधूनमधून उठवून शेकायला बसवावे लागते.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी तोंडावर आली असेल. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण डोळे चोळीत उठतो तेव्हा पाणी तापलेले असते, उटणे कालवलेले असते, पाट मांडलेला असतो, दारात पणती लागलेली असते. पूर्वी त्यासाठी कुणीतरी तीन वाजता उठून बंब पेटवीत असे. आता बंब गेला, गीझर आला. पण ‘कुणीतरी’ बहुतेक घरांत तेच राहिले आहे. यंदा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी गजर लावावा, आणि रोज आधी उठणाऱ्या त्या माणसाला पाटावर बसवून म्हणावे, “तू आज नुसती बस.” ह्युगे म्हणतात तो काय प्रकार आहे, ते त्या पहाटे आपोआप कळेल.