दप्तर आणि अफवा

१ जुलै २०१८ या दिवशी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला असता जमावाने पाच माणसांना ठार मारले, हे खानदेशातील वाचकांस नव्याने सांगावयास नको. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसे बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याकडील असून भिक्षेच्या निमित्ताने इकडे आली होती. मुले पळविणारी टोळी हिंडत आहे अशी आवई त्या दिवसांत गावोगाव उठली होती. तीच या परक्या माणसांवर आली आणि गावकारभाराचे जे स्थान, त्या ग्रामपंचायतीच्या कचेरीतच त्यांचा अंत झाला. अपराधाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. त्यात आम्हांस शिरावयाचे नाही. आज आम्हांस विचारावयाचा आहे तो वेगळाच प्रश्न. या घटनेचे कागद पन्नास वर्षांनी कोठे असतील आणि ते कोणास वाचावयास मिळतील?

प्रश्न रुक्ष वाटेल. परंतु राईनपाड्याच्या अनर्थाचे एक मूळ नेमके येथेच आहे. त्या दिवसांत मालेगाव-धुळे भागात व्हॉट्सॲपवरून एक चित्रफीत फिरत होती. तीत निपचित पडलेल्या बालकांची छायाचित्रे दाखवून, ही मुले पळवून मारलेली आहेत, असे सांगितले जात होते. ती छायाचित्रे सीरियातील घौटा येथे ऑगस्ट २०१३ मध्ये झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातील आहेत, असे वार्ताहरांनी मागाहून दाखवून दिले. म्हणजे छायाचित्र खरे होते, मुलेही खरीच मेली होती. मानवी हक्कांच्या घोर पायमल्लीचा तो पुरावाच होता. मात्र त्याची तारीख गेली, स्थळ गेले, कोणी टिपले आणि कोणी जपले हे गेले. आणि त्या पुराव्याचीच अफवा झाली. एका देशातील निरपराध मुलांच्या मृत्यूची साक्ष दुसऱ्या देशातील निरपराध माणसांवर उलटली!

कागदाला तारीख, स्थळ आणि मूळ मालक यांची जोड कायम ठेवणे, हेच दप्तरखान्याचे आद्य कार्य होय. धुळ्यास हे शिकविण्याची गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावच्या वाड्यांतून वाळवीच्या तोंडचे रुमाल सोडविले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः छापली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे देहावसान याच शहरी झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. अस्सल कागद आणि ऐकीव बखर यांत भेद केलाच पाहिजे, हा राजवाड्यांचा आग्रह होता. तीनशे वर्षांपूर्वीच्या सनदेस जो न्याय आपण देतो, तो आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या अन्यायाच्या कागदास का देऊ नये?

युरोपात हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. नाझी राजवटीने साठ लक्ष ज्यूंचा संहार केला. त्या महासंहाराची राईनपाड्याशी तुलना करावयाची नाही; ती अनुचित होईल. घ्यावयाचा तो नोंद ठेवणाऱ्यांचा कित्ता. आल्फ्रेड वीनर हे गृहस्थ १९३३ मध्ये जर्मनी सोडून ॲम्स्टरडॅमला गेले. तेथे त्यांनी वर्तमानपत्रांची कात्रणे, पत्रके, निर्वासितांच्या जबान्या असा संग्रह आरंभिला. १९३९ मध्ये तो लंडनला हलला आणि युद्धानंतर न्युरेंबर्गच्या खटल्यांत उपयोगी पडला. कात्रणांच्या फडताळातून केवढी साक्ष उभी राहते पाहा.

वॉर्सा येथील उदाहरण तर याहून हृदयद्रावक आहे. तेथील कोंडवाड्यात इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने आपल्या सोबत्यांसह गुप्तपणे दप्तर जमविले. त्यात रोजनिशा होत्या, मुलांचे निबंध होते, शिधापत्रिका होत्या आणि भिंतींवरील जाहीर सूचनाही होत्या. ऑगस्ट १९४२ मध्ये एका शिक्षकाने व त्याच्या दोन विद्यार्थ्यांनी त्याचा पहिला भाग पत्र्याच्या पेट्यांत भरून एका शाळेच्या इमारतीखाली पुरला. रिंगेलब्लुम १९४४ मध्ये मारले गेले. पेट्या १९४६ मध्ये सापडल्या. दुसरा भाग दुधाच्या दोन कॅनांत १९५० मध्ये हाती आला. लिहिणारे बहुतेक सारे गेले, सुमारे ३५ हजार पाने उरली. मारणाऱ्यांच्याच कागदांवरून इतिहास लिहिला जाऊ नये, मरणाऱ्यांचेही म्हणणे त्यात असावे, एवढ्यासाठी हा खटाटोप होता.

आता आपल्याकडे पाहा. जमावाने केलेल्या हत्यांची स्वतंत्र आकडेवारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ठेवीत नाही, २०१७ मध्ये जमविलेली माहिती विश्वसनीय न आढळल्याने तो उपक्रम सोडला, असे केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये संसदेत सांगितले. १ जुलै २०२४ रोजी, म्हणजे योगायोगाने राईनपाड्याच्या सहाव्या वर्षदिनी, भारतीय न्याय संहिता अमलात आली. पाच वा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या हत्येस तीत वेगळे पोटकलम आहे. त्याखालचे आकडे उद्या जमतीलही. पण २०१८ ची हत्या त्यांत येणार नाही. आणि मेलेली माणसे भटकी होती. भटक्यांना वाडा नसतो, मग वाड्यातले दप्तर कोठून असणार? इंग्रज सरकारने १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा करून अनेक फिरस्त्या जमातींची नावे लिहिली, पण ती संशयित म्हणून. तो कायदा १९५२ मध्ये गेला. परक्या फिरस्त्याकडे पाहण्याची दृष्टी गेली नाही, हे राईनपाड्याने दाखविले.

यावर कोणी म्हणतील, की गावाच्या माथ्यावरचा डाग कशास जपून ठेवावयाचा? झाले गेले विसरू द्यावे. या म्हणण्यातील वेदना आम्ही जाणतो. राईनपाडा हे गरीब आदिवासी वस्तीचे गाव आहे, आणि तेथील उद्याच्या मुलांनी हे ओझे का वाहावे, हा प्रश्न खोटा नाही. परंतु नोंद नसली म्हणजे डाग पुसतो असे नाही; तो साऱ्या गावावर सारखा पसरतो. कोणी मारले, कोण उभे राहून पाहत होते, कोणाचा काही संबंध नव्हता, हा भेद केवळ कागदच करू शकतो. कागद नसेल तर उद्या राईनपाड्याविषयीही अफवाच शिल्लक राहील.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. सरकारी कचेऱ्यांत कागदांचे वर्ग पाडून, कायम ठेवावयाचे वगळता बाकीचे मुदतीअंती नष्ट करतात. राईनपाड्यासंबंधीचे महसूल, पोलीस व पंचायत यांचे सर्व कागद कायम वर्गात घालावेत, आणि खटल्याच्या कागदांची प्रत न्यायालयाच्या संमतीने पुराभिलेख खात्याकडे जावी. साक्रीच्या सार्वजनिक ग्रंथालयाने त्या काळातील वृत्तपत्रांची कात्रणे, चौकश्यांची वृत्ते आणि त्या चित्रफितीचा उलगडा, तारीखवार सूची करून, वाचकांपुढे ठेवावा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या संस्थेने कथा-कादंबऱ्यांच्या देवघेवीपलीकडे एवढे करावे, ही अपेक्षा जास्त नव्हे. मृतांच्या आप्तांचे व गावकऱ्यांचे कथन जाणत्या संशोधकांनी टिपावे; त्यातील ज्यांना नाव उघड होण्याचे भय असेल त्यांचे कागद ठरीव मुदतीपर्यंत मोहोरबंद राहावेत. मात्र मुदत म्हणजे कायमचे कुलूप नव्हे. जर्मनीतील आरोल्झन येथे नाझींच्या बळींविषयीचे सुमारे तीन कोटी दस्तऐवज आहेत. शोध घेणाऱ्या आप्तांना तेथून उत्तरे मिळत, पण संशोधकांना ते दालन २००७ पर्यंत बंदच होते. तेवढी दिरंगाई आपल्याला नको. आप्तांचा हक्क पहिला, अभ्यासकांचा त्यामागोमाग, आणि दोघांसाठी दार उघडे, असा क्रम असावा.

या कामास मोठा पैसा लागत नाही. एक खोली, एक कपाट, एक दक्ष ग्रंथपाल आणि तालुक्याच्या पुढाऱ्यांची संमती एवढ्यावर त्याचा आरंभ होईल. पुढच्या वेळी असे एखादे छायाचित्र हाती आले, तर ते कोठले, कधीचे, कोणी काढले, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय साक्रीच्या शाळकरी मुलांना याच खोलीत लागू शकेल. २०१८ च्या त्या रविवारी बाजारातल्या चार माणसांनी जरी हे प्रश्न विचारले असते, तरी ते पाच फिरस्ते कदाचित आपल्या घरी परतले असते.