नोंदी आपल्या, किल्ली दुसऱ्याकडे

लावणी आटपली. आज भाताची नाही, भाताच्या नोंदवहीची गोष्ट. कडक लागली तरी वाचा.

दापोड्यात गोदामाचा धंदा कुणाला समजवायला नको. माल तुमचा असला तरी शटरची किल्ली ज्याच्याकडे, तोच मालक. हे रोज बघणारे आपण, आणि शेताच्या नोंदी मात्र फुकटच्या गोदामात टाकून निवांत झोपतो!

मी २०१६ पासून एका फुकटच्या पेजवर लिहीत होतो. राब कधी भाजला, आवण किती दिवसांचं लावलं, निळे भुंगेरे कुठल्या तुकड्यात आधी दिसले. आजूबाजूला भराव पडल्यावर पाणी किती दिवस तुंबलं, तेही. एक दिवस खातं बंद. कारण नाही, बोलायला माणूस नाही. पुढं नाला मोकळा करायच्या अर्जाला तारखा लागल्या, तेव्हा हात रिकामे.

कंपनी मोठी आहे म्हणता? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. दोन्ही गुगलचीच. त्यांनी निदान सामान उचलायला मुदत दिली होती.

स्वतःची वेबसाइट म्हटलं की लोक वर्डप्रेस सुचवतात. चांगलंच आहे ते, पण त्याला डेटाबेस लागतो, अपडेट चुकवले तर कुणीतरी आत घुसतं. दोन गुंठ्यांच्या आवणाला कशाला एवढं अवजार? ब्लूडिट, एचटीएमएलवाय अशी हलकी, फुकट सॉफ्टवेअर आहेत. सर्व्हरवर पीएचपी असलं की चालतात, डेटाबेस नको. प्रत्येक नोंद म्हणजे साधी मजकुराची फाइल. अख्खं फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर ठेवता येतं. नुसत्या मजकुराचं पान काही केबीचं, पावसात रेंज गेल्यासारखी असली तरी उघडतं. फोटो मात्र बारीक करून टाका, नाहीतर सगळा हलकेपणा गेला.

खर्च आहे, लपवत नाही. नावाचे आणि जागेचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, म्हणजे तेही भाड्याचंच. पण जागावाला बिघडला तर फोल्डर दुसरीकडे नेतो, पत्ता तोच राहतो. फुकटच्या पेजवर हे जमतं का? घरच्या कॉम्प्युटरवर साइट चालवा असंही कुणी सांगेल. आपल्याकडे पावसात लाइट किती टिकते ते त्याला विचारा.

आणि कृषीवाले साहेब, तुम्हीही ऐका. शेतकरी नोंदी ठेवत नाहीत, ही तुमची नेहमीची तक्रार. प्रशिक्षणात पेज काढायला शिकवता, पण नोंदींची प्रत स्वतःकडे ठेवायला कधी शिकवलंत? कर्जतच्या संशोधन केंद्राकडं जातीची माहिती मिळेल. माझ्या बांधावरचं पाणी कधी उतरलं, ते तिथं कसं मिळणार?

तिकडं वाचणार कोण, असं मुलगाही बोलला. अरे, वाचायला बोलवायचं इथंच, हे पेज कुठं पळालंय? पण मूळ नोंद आपल्या कणगीत.

२०२२ पासूनच्या नोंदी फोनमध्ये होत्या, त्या चढवल्यात. त्याआधीच्या तारखा जुन्या फोटोंवरून शोधतोय. २०१९ च्या पावसात आपल्या पट्ट्यातलं पाणी कुठल्या दिवशी उतरलं, कुणी लिहून ठेवलं असेल तर कळवा. माझं गेलं.