सहल पुढच्या टर्मला नको

आमच्या वर्गाची बोटॅनिक गार्डन्सची सहल आतापर्यंत तीनदा ठरली आणि तीनदा पुढे गेली. पहिल्या वेळी पाऊस आला. दुसऱ्या वेळी शाळेच्या परीक्षा होत्या. तिसऱ्या वेळी बस मिळाली नाही, आणि मग पालकांच्या सभेत असेही निघाले की बाग बघण्यात एक रविवार घालवण्यापेक्षा मुलांची जोडाक्षरे पक्की करून घ्यावीत. आम्हाला, म्हणजे वरच्या वर्गातल्या सहा जणांना, हे पटलेले नाही. म्हणून बाईंना विचारून हा लेख लिहीत आहोत.

पहिल्यांदा सहल ठरली तेव्हा आम्ही नऊ जण होतो. त्यातला एक पुण्याला परत गेला, एक दुबईला आणि एक मैत्रीण सिडनीला. सिंगापुरात हे असेच असते. आईची किंवा बाबांची नोकरी बदलली, पास संपला, की दोन महिन्यांत सामान बांधले जाते. सिडनीला गेलेल्या मैत्रिणीने सहलीसाठी डब्यांची यादीसुद्धा केली होती (तिच्याकडे धपाटे होते). ती यादी अजून आमच्या वहीत आहे. मोठी माणसे ‘पुढच्या टर्मला बघू’ म्हणतात तेव्हा त्यांना वाटते की सहल पुढे गेली. आमच्या दृष्टीने ती त्या तिघांपुरती रद्दच झाली.

आता अडचणींबद्दल. बसची गरजच नाही. आपला वर्ग लिटिल इंडियात भरतो. लिटिल इंडिया स्टेशनवरून डाउनटाऊन लाइन धरली की न्यूटन, स्टीव्हन्स आणि तिसरे स्टेशन बोटॅनिक गार्डन्स. गाडी बदलावी लागत नाही. बाग लांबलचक आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे अडीच किलोमीटर, आणि ‘एवढे चालून परत कोण येणार’ असे आजी-आजोबा म्हणतात. त्यावर आम्ही उपाय शोधला आहे. बुकित तिमाच्या बाजूने आत शिरायचे आणि टँगलिनच्या बाजूने बाहेर पडायचे. तिथे २०२२ साली नेपियर स्टेशन सुरू झाले आहे. तिथून एकच स्टेशन गेले की स्टीव्हन्स, गाडी बदलायची, की दोन स्टेशनांवर पुन्हा लिटिल इंडिया. म्हणजे एकच वाट दोनदा चालायला नको. बागेला तिकीट नाही आणि ती पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत उघडी असते. सकाळी लवकर गेलो तर ऊनही कमी. पाऊस आलाच तर छत्र्या आहेत. सिंगापुरात राहून पावसाला भ्यायचे म्हणजे कठीणच.

राहिला अभ्यास. मराठी ही भाषा इथल्या शाळेत परीक्षेला घेता येत नाही. हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येतात. त्यामुळे आम्ही आठवडाभर शाळेत दुसरी भाषा शिकतो आणि रविवारी मराठी, तीही गुणांशिवाय. आमची तक्रार नाही. पण गुण मिळणारच नसतील तर निदान बाकावर बसूनच शिकले पाहिजे असे तरी का?

आमच्यातल्या एकीच्या ब्लॉकखाली एक झाड आहे. तिला ते ‘तांजोंग’ म्हणून ठाऊक होते, कारण मलायमध्ये त्याला तसे म्हणतात. गेल्या महिन्यात तिची आजी साताऱ्याहून आली. तिने खाली पडलेली चांदणीसारखी फुले वेचली, वास घेतला आणि म्हणाली, “अगं, ही तर बकुळ!” मग तिने ती फुले पुस्तकात घालून ठेवली, कारण बकुळ सुकली तरी वास जात नाही. पाच वर्षे ती मुलगी त्या झाडाखालून शाळेत जात होती. रस्त्याकडेची जांभळ्या फुलांची झाडे म्हणजे तामण, महाराष्ट्राचे राज्यपुष्प, हेही त्याच आजीने सांगितले. बागेतल्या पाट्यांवर शास्त्रीय नाव असते, इंग्रजी नाव असते, पण मराठी नाव नसते. ते आजी-आजोबांकडे आहे. या आजींचा पास पुढच्या महिन्यात संपतो.

बागेत बघायचे काय यावर आमच्यात भांडण झाले. दोघांना ऑर्किडची बाग हवी आहे. तिथे तिकीट आहे आणि वेळही जाईल. आमचे बहुमत असे की ती पुन्हा कधीतरी. आम्हाला सहा हेक्टरचे जुने जंगल बघायचे आहे, जे १८५९ साली बाग झाली त्याच्याही आधीपासून तिथे आहे. पाच डॉलरच्या नोटेवरचे टेंबुसूचे झाडही बघायचे आहे. त्याची एक फांदी जमिनीलगत आडवी गेली आहे. आता त्याला कुंपण आहे, पण लांबून दिसते. आणि रबराची गोष्ट तिथेच वाचायची आहे. १८७७ साली लंडनच्या क्यू बागेतून रबराची रोपे इथे आली. १८८८ साली हेन्री रिडली बागेचे प्रमुख झाले. झाड न मारता सालीला चीर देऊन पुन्हा पुन्हा चीक कसा काढायचा ते त्यांनी शोधले आणि मळेवाल्यांच्या मागे लागले की रबर लावा. लोक त्यांना ‘वेडा रिडली’ म्हणत. पुढे मलायाभर रबराचे मळे झाले. इतिहासाच्या पुस्तकात हे चार ओळींत संपते.

बाईंना एक विनंती: वर्कशीट नको. एक वही पुरे. ज्याला जे मराठी नाव कळेल ते त्याने लिहावे, समोर झाडाचे पान काढावे.

लहान वर्गासाठी जेकब बॅलस मुलांची बाग आहे. तिथे मोठ्यांना मुलाशिवाय प्रवेश नाही, तेव्हा बाबा लोकांनी आमच्याशी नीट वागावे.

या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता, लिटिल इंडिया स्टेशन, डाउनटाऊन लाइनचा फलाट. पाणी, छत्री, आणि जमल्यास आजी किंवा आजोबा आणावेत. धपाटे कोण आणणार ते ठरायचे आहे. पाऊस असेल तर आम्ही सहा जण फलाटावरच थांबू.