बुफेच्या दाराशी बेसिन हवेच
बार्सिलोनाहून नेपल्सकडे जाणाऱ्या क्रूझवर पोहण्याचे तलाव, जिम, सॉना, नाट्यगृह, काय म्हणाल ते असते. मी आयुष्यभर रुग्णालयात परिचारिका होते, त्यामुळे माझी नजर आधी बुफेच्या दाराशी जाते. तिथे साबण-पाण्याचे बेसिन आहे का? काही जहाजांवर असते. आमच्या जहाजावर नुसती सॅनिटायझरची बाटली होती. लोक थेंबभर घेऊन हात चोळत आत जायचे, पास्त्याचा डाव उचलायचे, आणि तोच डाव लगेच पुढच्याच्या हातात.

अशाने पसरणारा, पोट बिघडवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. साबणाने 20 सेकंद, अंगठे आणि नखांच्या कडा चोळून हात धुवावे लागतात. मोजके विषाणू पोटात गेले, तरी 12 ते 48 तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. म्हणून प्रत्येक बुफेच्या दाराशी बेसिन सक्तीचेच करा.

आजार लपवणेही थांबायला हवे. जहाजावरच्या डॉक्टरची फी भरमसाट, त्यात केबिनमध्ये अडकून नेपल्सजवळच्या पॉम्पेईची सहल हुकणार, म्हणून माणसे गप्प बसतात. ही भीती खरी आहे, तेव्हा पोटाच्या संसर्गाची तपासणी कंपन्यांनी फुकट करावी. उलट्या-जुलाब थांबल्यावरही दोन दिवस इतरांपासून दूर राहायचे असते.

आई-वडिलांना नेणार असाल तर ओआरएसची पाकिटे घ्याच. उतारवयात शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते. आणि भर समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च विम्यात धरला आहे का, हे वाचल्याशिवाय सही करू नका.