ओलीस ठेवलेलं पार्सल

किंमत कोणती आणि खंडणी कोणती, हे रकमेवरून ठरत नाही, ती कधी मागितली त्यावरून ठरतं. ऑर्डर करण्याआधी सांगितले ते पैसे म्हणजे किंमत. पूर्ण पैसे भरलेली आपली वस्तू स्वतःच्या हातात धरून वर जे मागितले जातात, त्याला मी खंडणी म्हणते. मग ते चाळीस रुपये का असेनात!

शब्द जड वाटत असेल तर कुरिअरवाल्यांचे शब्द बघा. एरिया चार्ज, हँडलिंग, होल्डिंग, ॲड्रेस करेक्शन. सगळे कसे गुळगुळीत आणि कार्यालयीन! यातला एकही शब्द ऑर्डर देताना स्क्रीनवर दिसत नाही. दिसतो तो पार्सल तुमच्या तालुक्यात येऊन अडकल्यावर.

माझं गाव तालुक्यापासून चौदा किलोमीटरवर आहे. गेल्या पावसाळ्यात मी पुस्तकं मागवली, पोचवण्याचे पैसेही आधीच भरले. पुढचे दोन दिवस ट्रॅकिंगवर 'ग्राहक उपलब्ध नाही' असं येत राहिलं. मी घरातच होते, फोन हाताशी होता आणि त्यावर एकही मिस्ड कॉल नव्हता. तिसऱ्या दिवशी फोन आला: "मॅडम, तुमचं गाव एरियात बसत नाही. ऑफिसला येऊन न्या, नाहीतर शंभर एक्स्ट्रा लागतील." एसटीने गेले, तर काउंटरवर पन्नास मागितले. कशाचे? पार्सल तीन दिवस पडून होतं, त्याचे. म्हणजे त्यांनी पोचवलं नाही, याचं भाडं मी द्यायचं!

मी म्हटलं, "देते, पावती द्या." काउंटरवरच्या माणसाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पार्सल पुढे सरकवलं. "असू द्या, न्या."

माझ्या मागे एक आजोबा होते. त्यांच्याकडेही पन्नास मागितले. मी हळूच म्हटलं, "आजोबा, पावती मागा." ते म्हणाले, "राहू दे पोरी. आत औषधं आहेत. परत धाडलं म्हणजे?" आणि त्यांनी पन्नासाची नोट काउंटरवर ठेवली.

हा सगळा व्यवहार त्या 'परत धाडलं म्हणजे?' वर चालतो. पुस्तकं चार दिवस उशिरा आली तर माझं काही अडत नाही, म्हणून मी हुज्जत घालू शकते. ज्याचं अडलेलं असतं, तो मुकाट पैसे देतो. म्हणजे जो जास्त गरजू, त्याच्याकडूनच हमखास वसुली.

यावर ठरलेला बचाव असा: गाव लांब आहे, पेट्रोल लागतं, खर्च तर येणारच. मान्य. लांबच्या गावाला जास्त पैसे लावा, पण आधी सांगा. ऑर्डर देताना आपण पिनकोड टाकतो. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखलेली ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सुरू झाली, ती पत्र योग्य गावी पोचावं म्हणून. तो आकडा टाकताक्षणी आपलं गाव कुठल्या भागात आहे हे कंपनीला कळतं. ऑर्डर घेताना चालणारं गाव पार्सल पोचवताना अचानक 'एरियाबाहेर' कसं जातं? हा खर्च अनपेक्षित असतो तो फक्त आपल्याला.

आणि कृपा करून पार्सल आणणाऱ्या पोरावर ओरडू नका. यातल्या अनेकांना पार्सलमागे ठरलेले पैसे मिळतात आणि पेट्रोल स्वतःच्या खिशातून घालावं लागतं. एका पार्सलसाठी चौदा किलोमीटर जाणं त्याला परवडत नाही, म्हणून तो 'ग्राहक उपलब्ध नाही'चं बटण दाबतो. ते चूकच आहे. पण त्याला न परवडणारा दर त्याने ठरवलेला नाही. ज्यांनी ठरवला ते आपल्या दारात कधीच येत नाहीत.

या सवयीचा आणखी एक फायदा उठवणारे आहेत. 'पत्ता अपुरा असल्याने पार्सल अडकलं आहे, लिंक उघडून किरकोळ रक्कम भरा' असा मेसेज तुम्हालाही आला असेल. त्यातून बँक खाती रिकामी होतात. लोक फसतात, कारण मध्येच कुणीतरी फुटकळ पैसे मागणं आता नेहमीचं वाटतं. ते नेहमीचं कुणी केलं?

कायदा नाही असंही नाही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार पोचवण्याच्या खर्चासह सगळी रक्कम आधी, एकत्र दाखवावी लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी ग्राहकाला फसवायच्या १३ युक्त्यांवर बंदी घातली. किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणं ही त्यातलीच एक.

पण नियम आपोआप दारात येत नाहीत. चाळीस-पन्नासाचा आकडा सोयीचा असतो तो याचसाठी. तेवढ्यासाठी भांडायला आपल्याला लाज वाटते, कुणी चिकट म्हणेल असं वाटतं. आपण 'जाऊ दे' म्हणतो, आणि अशा हजारो 'जाऊ दे'ची बेरीज कुणाच्या तरी गल्ल्यात पडते.

म्हणून चिकट व्हा. ऑर्डरच्या शेवटच्या पानाचा आणि ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट ठेवा. जास्तीचे पैसे मागितले की पावती मागा. विकणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते.

मात्र एकेकट्याने वाचवलेल्या पन्नास रुपयांवर समाधान मानू नका. मागणी एवढीच ठेवा: ऑर्डर घेताना न सांगितलेला एकही रुपया पार्सल देताना मागायचा नाही, आणि तो मागून पार्सल अडवलं तर दंड कंपनीला व्हावा, काउंटरवरच्या माणसाला नाही.