खानावळीतली मातीची फरशी

मैत्रिणींनो, हमरस्त्याने जाताना ‘गावरान’, ‘चुलीवरचे जेवण’ अशा पाट्या हल्ली जागोजागी दिसतात. आत शिरावे तो भिंतीला सुपे नि कंदील टांगलेले आणि पायाखाली हाताने थापलेली, भाजक्या मातीची तांबडी फरशी. डोळ्यांना कसे शांत वाटते, नाही? घरगुती खानावळ काढायचे मनात असेल, तर अशी फरशी आपणही घालावी असे तुम्हांला वाटणारच.

जरूर घाला. पण आधी माझ्या मावसबहिणीची हकीकत ऐका. तिने आणि तिच्या जावेने मिळून वीस माणसांची खानावळ काढली. भिशीचे पैसे होते, दोघींनी एकेक बांगडीही मोडली. गवंडी फरशी बसवून गेला, दुसऱ्या दिवशी सत्यनारायण आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक! आठच दिवसांत प्रत्येक टेबलाखाली तेलाची काळपट वर्तुळे, रश्श्याचे पिवळे डाग, आणि कोपऱ्यांतून पांढरा खार फुललेला. कुणीतरी सांगितले, ॲसिडने धुवा. तेही केले. सांध्यांतले सिमेंट तेवढे खाल्ले गेले, डाग जागच्या जागी.

तिची चूक एवढीच, की तिने त्या फरशीला मोझॅक समजले. ती खरी माठाची बहीण. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होते. तशीच ही फरशी आमटी पिते!

तेव्हा घेतानाच पाहून घ्या. बोटाच्या पेराने वाजवा. आवाज खणखणीत हवा, बद्द वाजली तर कच्ची भाजलेली. दोनचार फरश्या घरी आणून रात्रभर बादलीत बुडवा आणि आठवडाभर ठेवून द्या. मातीत चुन्याचे खडे राहिले असतील तर ते फुगून टवके उडतात. विस्तवाजवळची फरशी गडद, कडेची फिकट निघते, म्हणून बसवताना चार ढिगांतल्या मिसळून लावायला सांगा. मंगळुरी कौलांसारखी ही साच्यातली नव्हे; एकीला दुसरीचे माप नसते. गवंडी सांधे बारीक करू पाहील, पण सांधा जवळजवळ एक सेंटिमीटर सोडायला लावा. (‘आम्हांला शिकवू नका, बाई’ हे ऐकून घ्यावे लागेल, बरं का!)

आता मुख्य गोष्ट. बसवलेली फरशी पुरती वाळू द्या. याला काही आठवडे लागतात. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका. रात्री प्लॅस्टिकचा तुकडा कडेने चिकटवून ठेवा. सकाळी खाली दव दिसले तर ओल आहे असे समजा. खार आला तर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने नको. मग रंगाच्या दुकानातले उकळलेले जवसाचे तेल पातळ हाताने लावा आणि जिरून उरलेले लगेच पुसून घ्या. दिवसाआड असे दोनतीन हात द्या, शेवटी मेण घासा. पाण्याचा थेंब वर मोत्यासारखा राहिला, की गिऱ्हाइकाला बोलवावे. सांधे भरण्यापूर्वी एक हात दिला असेल तर सिमेंटही फरशीत शिरत नाही. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवून मगच फेका.

हे सारे बसण्याच्या जागेपुरते. स्वयंपाकघरात आणि मोरीत ही फरशी नकोच, तिथे आपला कोटा बरा. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतही जमीन गुळगुळीत आणि सहज साफ होणारी असावी असे आहे. बाहेरच्या पायरीलाही नको, पावसात शेवाळ धरते.

बहिणीच्या फरशीचे काय झाले, विचाराल. मुलतानी मातीचा जाड लेप लावून, वाळवून, खरवडून बरेचसे तेल निघाले. त्यासाठी खानावळ चार दिवस बंद ठेवावी लागली. आठ फरश्या मात्र बदलाव्याच लागल्या. जास्तीच्या आणून ठेवल्या नव्हत्या, नव्या आणल्या त्या दुसऱ्या भट्टीच्या, चांगल्याच फिकट निघाल्या. जाऊबाईंनी त्यांच्यावर पाण्याचा मोठा रांजण ठेवला आहे.