शर्करेची तीन रूपे

इंग्रजीतील ‘मदर’ आणि ‘ब्रदर’ हे शब्द संस्कृत मातृ, भ्रातृ यांवरून आले, असे आपल्याकडील व्याख्यानांतून सर्रास सांगितले जाते. टाळ्याही पडतात. मात्र ते खरे नाही. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे २ फेब्रुवारी १७८६ रोजी बोलताना विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एक असावा आणि तो कदाचित आज उरलाही नसावा, असे मांडले. मातृ आणि ‘मदर’ या बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. श्रोत्यांतील एखादा चुणचुणीत मुलगा घरी जाऊन कोश उघडतो आणि मग वक्त्याच्या खऱ्या विधानांवरूनही त्याचा विश्वास उडतो. ही हानी लहान नाही.

खरोखर आपल्या घरातून निघालेला शब्द पाहावयाचा तर ‘शुगर’ पाहावा. शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळूचे कण. उसाचा रस आटवून दाणे पाडण्याची विद्या भारतात सिद्ध झाली, तेव्हा त्या दाण्यांनाही तेच नाव मिळाले. मधमाश्यांवाचून मध देणाऱ्या बोरूंचे वर्णन अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याने करून ठेवले आहे. पुढे शब्द फारसीत शकर झाला, अरबीत सुक्कर. अरबांनी सिसिली व स्पेनमध्ये ऊस लावला आणि उसासवे शब्दही युरोपात रुजला. फ्रेंचांनी त्याचे ‘सुक्र’ केले, इंग्रजांनी ‘शुगर’. आपली साखर मात्र प्राकृतातील सक्करेच्या जवळच्या वाटेने आली.

गंमत अशी की, हाच शब्द इंग्रजीत आणखी दोनदा शिरला. मल्याळममधील चक्कर पोर्तुगीजांनी उचलले. त्यातून गुळाला ‘जॅगरी’ हे नाव पडले. ग्रीक-लॅटिन वाटेने गेलेले रूप १८७९ साली सापडलेल्या, उसाशी सुतराम संबंध नसलेल्या एका रसायनाला लाभले आणि त्याचे ‘सॅकरिन’ झाले!

या वहीत नावेची बाजूही आहे. ज्या देशाने जगाला शर्करा दिली, तेथील हिंदी भाषक तिला ‘चीनी’ म्हणतात आणि खडीसाखरेला ‘मिश्री’. एका नावात चीन आहे, दुसऱ्यात मिस्र म्हणजे इजिप्त. आणि ज्या ‘नारंग’ शब्दापासून ‘ऑरेंज’ झाला, तो संस्कृतने बहुधा दक्षिणेतील द्राविडी भाषांकडूनच घेतला होता.